सेंद्रिय हिवाळी गहू: दाट दिसलेले पीक कमी का उतरते?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही सलग दोन हंगाम सेंद्रिय पद्धतीने हिवाळी गहू घेतला. वाण तोच होता, शेणखत तेवढेच होते आणि पेरणीही जवळपास त्याच आठवड्यातली होती. पहिल्या वर्षी हिवाळा सौम्य आणि पावसाळी गेला, थंडी संपताना शेत गर्द हिरवे होते, फुटव्यांनी ओळी मिटून गेल्या होत्या, पण मळणीनंतर हेक्टरी 3 टनच गहू हाती आला. दुसऱ्या वर्षी हिवाळा कोरडा व कडक होता, त्याच सुमारास पीक विरळ आणि फिकट दिसत होते, तरी उतारा साडेचार टनांवर गेला. यावरून तुम्ही विचारले आहे की पानांच्या वाढीचा आणि उत्पादनाचा काही संबंध आहे की नाही, की सेंद्रिय शेतीत शेवटी सगळे हवामानाच्याच हाती असते.

संबंध निश्चित आहे आणि तो घट्ट आहे. मात्र हिवाळ्याच्या शेवटी बांधावरून जी पाने दिसतात, ती दाणा भरणारी पाने नव्हेत. खरा प्रश्न पाने किती आहेत हा नसून, कोणती पाने, कोणत्या आठवड्यांत, किती नत्र घेऊन उभी राहतात आणि किती दिवस हिरवी टिकतात, हा आहे. हवामान या साखळीवर दोन वाटांनी परिणाम करते. एक वाट थेट पानावरची आहे, म्हणजे उष्णता, ऊन, दव आणि पाऊस यांची. दुसरी वाट जमिनीतून येते, कारण सेंद्रिय शेतात पिकाला नत्र केव्हा आणि किती मिळणार हेसुद्धा जमिनीचे तापमान आणि ओल ठरवतात. रासायनिक शेतात या दुसऱ्या वाटेवर खताच्या मात्रेने बरेचसे नियंत्रण ठेवता येते. आपल्याला ते जवळजवळ नसते, आणि तुमच्या दोन वर्षांतील फरकाचे मूळ मला प्रामुख्याने तिथेच दिसते.

मी तुमचे शेत पाहिलेले नाही. जमिनीचा पोत, निचरा, आधीच्या पिकाचा बेवड (त्याने जमिनीत मागे ठेवलेला कस), वाणाची रोगप्रतिकारशक्ती आणि दाणे भरताना पडलेली उष्णता यांतील एकही गोष्ट वेगळी असली, तर माझ्या निष्कर्षाचा तोल बदलू शकतो. दुसरे असे की, येथे मी ज्याला हिवाळी गहू म्हणतो तो थंड प्रदेशात शरद ऋतूत पेरला जातो, हिवाळा रोपावस्थेत काढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात काढणीला येतो. त्याला ओंबीकडे वळण्यासाठी साधारण 0 ते 10 अंश सेल्सिअस तापमानाचे काही आठवडे मिळावेच लागतात. उष्ण प्रदेशात रब्बी हंगामात घेतला जाणारा गहू बहुतेक वसंती प्रकारचा असतो आणि त्याला अशा थंडीची फारशी गरज नसते, म्हणून पुढचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नयेत.

आता पानांपासून सुरुवात करू. गव्हाच्या मुख्य काडीवर एकामागून एक पान येते आणि दोन पानांमधले अंतर दिवसांत मोजण्यापेक्षा उष्णतेत मोजणे अधिक खरे ठरते. रोजचे सरासरी तापमान बेरीज करत गेल्यास साधारण 100 अंश-दिवसांना एक नवे पान येते. वाण आणि पेरणीची तारीख यांनुसार हा आकडा 80 ते 120 पर्यंत हलतो. सरासरी तापमान 5 अंश असेल तर एका पानाला तीन आठवडे लागतात आणि 15 अंश असेल तर आठवडाभर पुरतो. वेळेवर पेरलेल्या पिकाच्या मुख्य काडीवर एकूण 11 ते 14 पाने येतात, उशिरा पेरलेल्या पिकावर ती कमी येतात. तिसरे-चौथे पान आल्यावर फुटवे सुरू होतात. त्यामुळे सौम्य हिवाळ्यात अंश-दिवस भराभर साठतात, पाने आणि फुटवे दोन्ही वाढतात, आणि शेत भरल्यासारखे दिसते. तुमच्या पहिल्या वर्षी नेमके हेच झाले असावे.

परंतु हिवाळ्यातली ही पाने लहान असतात, खालच्या बाजूला असतात, आणि पीक कांडी धरू लागल्यावर, म्हणजे खोड उंच होऊ लागल्यावर, ती एकेक करून सावलीत जातात आणि वाळतात. पीक कांडी धरायला लागते तेव्हा शेवटची तीन, कधी चार पाने अजून बाहेर यायची असतात. दाण्यातील पिठाचा मोठा वाटा याच शेवटच्या पानांच्या, म्हणजे ध्वजपान (काडीवरचे सर्वांत वरचे पान) आणि त्याखालची दोन पाने यांच्या, आणि खुद्द ओंबीच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. हिवाळ्याअखेरच्या हिरवेपणाला मी निरुपयोगी म्हणत नाही, कारण तो तण दाबतो, मुळांना अन्न देतो आणि जमिनीतील नत्र पाण्याबरोबर वाहून जाण्याआधी पकडून ठेवतो. पण त्यावरून उताऱ्याचा अंदाज बांधणे म्हणजे पाया पाहून घराची उंची सांगणे होय.

पानांचे मोजमाप करण्यासाठी पर्णक्षेत्र निर्देशांक वापरतात, म्हणजे जमिनीच्या एक चौरस मीटरवर पानांचे किती चौरस मीटर क्षेत्र उभे आहे तो आकडा. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातील डी. जे. वॉटसन यांनी ही कल्पना 1947 मध्ये मांडली. पुढे जॉन मॉन्टीथ यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की, निरोगी आणि पाण्याचा ताण नसलेल्या पिकाचे एकूण शुष्क वजन हे त्याने हंगामात अडवलेल्या सूर्यप्रकाशाच्या जवळपास प्रमाणात असते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. गव्हाच्या सर्वसाधारण मांडणीत निर्देशांक 1 असताना सुमारे 40 टक्के प्रकाश अडवला जातो, 2 असताना 63 टक्के, 3 असताना 78 टक्के, 5 असताना 92 टक्के आणि 6 असताना 95 टक्के. म्हणजे 2 वरून 3 वर जाताना पिकाला प्रकाशाचा मोठा लाभ होतो, तर 5 वरून 6 वर जाताना तो नाममात्र असतो. भरपूर खत दिलेल्या पिकात निर्देशांक 6 च्या पुढे जातो, आणि तेथे पानांची थोडी घट-वाढ उताऱ्यात फारशी दिसत नाही. सेंद्रिय गहू मात्र बहुधा 2 ते 4 यांच्या दरम्यान असतो, जिथे पानाचा प्रत्येक तुकडा मोजला जातो. त्यामुळेच पर्णवाढीत झालेला थोडासा फरक आपल्या शेतात थेट पोत्यांमध्ये दिसतो.

मग आपण निर्देशांक 6 पर्यंत का नेत नाही? कारण पान नत्राशिवाय बनत नाही. व्यवहारात धरण्याजोगा आकडा असा आहे की, पुरेसे पोषण असलेल्या गव्हात निर्देशांकाच्या एका एककामागे पिकात हेक्टरी सुमारे 30 किलो नत्र असावे लागते. निर्देशांक 3 साठी 90 किलो, 6 साठी 180 किलो. सेंद्रिय जमिनीतून फुलोऱ्यापर्यंत 180 किलो नत्र मिळणे ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. चांगला द्विदल बेवड असलेल्या शेतातही तितके मिळेलच असे मी कधी गृहीत धरत नाही. नत्र अपुरे असेल तेव्हा पीक आधी पानांचा आकार आणि फुटव्यांची संख्या कमी करून त्याच्याशी जुळवून घेते, आणि तरीही कमी पडले तर पाने फिकट होतात. म्हणून सेंद्रिय शेतात पर्णक्षेत्र हे जमिनीने त्या महिन्यापर्यंत किती नत्र दिले याचा उभा हिशेब असतो, असे मी मानतो.

येथून हवामानाची दुसरी वाट सुरू होते आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. शेणखत, कंपोस्ट, गाडलेले हिरवळीचे पीक किंवा नांगरून मोडलेले क्लोव्हरचे (एका द्विदल चाऱ्याचे) कुरण यांतील नत्राचा बहुतेक भाग सेंद्रिय रूपात असतो, आणि जमिनीतील सूक्ष्मजीवांनी तो मोकळा केल्याशिवाय मुळांना घेता येत नाही. हे काम जमिनीच्या तापमानाबरोबर वाढते. इतर गोष्टी सारख्या असल्यास 10 अंश वाढीला त्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. जमीन अगदी कोरडी असेल तर ते मंदावते, आणि पाण्याने तुडुंब असेल तर हवेअभावी त्यात अडथळा येतो, शिवाय तयार झालेल्या नायट्रेटचा (नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचा) काही भाग वायुरूपाने उडून जातो. वाफशावर असलेली, हळूहळू तापत जाणारी जमीन सेंद्रिय गव्हाला सर्वांत अनुकूल असते.

अडचण अशी आहे की पिकाची मागणी या वेगाशी जुळवून घेत नाही. कांडी धरल्यापासून ध्वजपान पूर्ण उघडेपर्यंतच्या साधारण सहा आठवड्यांत भरभरून वाढणारे पीक दिवसाला हेक्टरी 2 ते 3 किलो नत्र घेऊ शकते. त्या वेळी थंड वसंतातील जमीन अनेकदा दिवसाला एक किलोही देत नाही. दिवस मोठे होत असल्यामुळे आणि थंडीची गरज भागलेली असल्यामुळे पीक मात्र कांडी धरून पुढे निघालेले असते, ते जमीन तापण्याची वाट पाहत थांबत नाही. पुढे जून महिन्याच्या उबेत जमिनीतून नत्र मोकळे होते खरे, पण तोपर्यंत पाने किती आणि केवढी येणार हे ठरून गेलेले असते. ते नत्र प्रथिनांना थोडे उपयोगी पडते, पर्णक्षेत्राला नाही.

आता तुमची दोन्ही वर्षे या दृष्टीने पाहा. पहिल्या वर्षी पावसाळी हिवाळ्यात शरदातले नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली गेले असणार, विशेषतः जमीन हलकी असेल तर. पिकाने आपल्या पानांत जेवढे पकडले तेवढेच वाचले. त्या सौम्य हिवाळ्यात फुटवे भरपूर आले, म्हणजे नत्र मागणारी तोंडे वाढली. तुम्ही लिहिले आहे की त्यानंतरचा वसंत थंड आणि ओला होता. अशा वेळी जमीन देत नाही आणि पीक मागणे थांबवत नाही, तेव्हा उशिराचे फुटवे मरतात. मरणारा फुटवा आपले नत्र काही प्रमाणात उरलेल्या काड्यांना परत देतो, पण त्यात गुंतलेले पाणी, प्रकाश आणि वेळ परत येत नाही. उरलेल्या काड्यांवरची वरची पाने आखूड आणि अरुंद निघतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एप्रिलपर्यंत हे पीक उत्तम वाटत राहते.

दुसऱ्या वर्षी कोरड्या, कडक हिवाळ्यात वाढ थांबली, पण नायट्रेटही मुळांच्या आवाक्यात राहिले. फुटवे कमी होते. पुढे वसंत लवकर उबदार झाला आणि हलक्या सरींनी ओल टिकली, असे तुमच्या नोंदीत आहे. अशा वेळी जमिनीने दिलेले नत्र कमी काड्यांत वाटले जाते, प्रत्येक काडी टिकते आणि तिची वरची तीन पाने मोठी होतात. याचे एक साधे गणित मी नेहमी करून पाहतो. गव्हाच्या पानाची लांबी गुणिले सर्वांत जास्त रुंदी गुणिले 0.75 केले की पानाचे क्षेत्रफळ साधारण कळते. 20 सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर रुंद ध्वजपान म्हणजे सुमारे 22 चौरस सेंटीमीटर. वरच्या तिन्ही पानांची बेरीज 60 चौरस सेंटीमीटर धरली आणि चौरस मीटरला 300 ओंब्या असल्या, तर फक्त या तीन पानांचा निर्देशांक 1.8 होतो. हीच तीन पाने 40 चौरस सेंटीमीटरची झाली तर 300 ओंब्यांवर तो 1.2 वर येतो, आणि तूट भरून काढायला 450 ओंब्या लागतील. त्यांना पुरेल एवढे नत्र नसल्यामुळेच तर पाने लहान राहिलेली असतात.

कडक थंडीने पिकाचे नुकसान होते का, हा तुमचा उपप्रश्न होता. हळूहळू वाढणाऱ्या थंडीत सरावलेले रोप बरीच खोल घसरण सहन करते, कारण वाढीचा कोंब जमिनीखाली दोन-तीन सेंटीमीटरवर सुरक्षित असतो आणि बर्फाचा थर असल्यास आणखी सुरक्षित राहतो. पाने जळाली तरी कोंब जिवंत असेल तर पीक सावरते. धोका असतो तो उबदार आठवड्यांनंतर अचानक आलेल्या गोठवणाऱ्या रात्रींचा आणि पाणी साचून गोठण्याचा. यापेक्षा अधिक काळजी मी या बाबतीत करत नाही.

फुलोऱ्याच्या आसपासचे दिवस मात्र फार महत्त्वाचे आहेत. फुलोऱ्याआधीचे सुमारे तीन आठवडे आणि नंतरचे काही दिवस यांत चौरस मीटरला किती दाणे धरणार हे मुख्यतः ठरते. ऑस्ट्रेलियातील आर. ए. फिशर यांनी 1985 मध्ये दाखवले की या काळातील सूर्यप्रकाश आणि तापमान यांच्या गुणोत्तराशी दाण्यांची संख्या जुळते. ऊन स्वच्छ आणि हवा थंड असेल तर ओंबीला वाढायला जास्त दिवस मिळतात आणि प्रत्येक दिवशी अन्नही पुरेसे मिळते. आकाश ढगाळ आणि हवा गरम असेल तर दोन्ही बाजूंनी तोटा होतो. हा नियम पाणी आणि नत्र पुरेसे असलेल्या पिकासाठी सर्वांत नीट लागू पडतो. सेंद्रिय शेतात मी त्यात एक दुरुस्ती करून वाचतो: ऊन कितीही चांगले असले तरी ते अडवायला पाने नसतील तर ते जमिनीवर पडून वाया जाते. निर्देशांक 2 असलेल्या पिकाला उन्हाच्या महिन्याचा फायदा 63 टक्केच घेता येतो. पीक पोटरीत असताना पडलेली उशिराची थंडी किंवा पाण्याचा ताण परागकणांवर आघात करतो आणि ओंबीत रिकामे तुसे राहतात, ही बाब वेगळी लक्षात ठेवावी.

यानंतर दाणे भरण्याचा काळ येतो, आणि येथे पानावर दोन परस्परविरोधी कामे येऊन पडतात. पानातील नत्राचा मोठा भाग प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतो. दाण्याला प्रथिनांसाठी नत्र हवे असते आणि त्यातला बहुतेक भाग, साधारणपणे दोन तृतीयांशाहून अधिक, फुलोऱ्यापूर्वी पाने व काडी यांत साठलेल्या नत्रातूनच येतो. म्हणजे पान दाण्याला नत्र देते तेव्हा ते स्वतःला मोडून देत असते. जमिनीतून उशिरापर्यंत थोडे नत्र येत राहिले तर पान सावकाश मोडते आणि पीठ भरण्याचे काम जास्त दिवस चालते. ते येणे थांबले तर ध्वजपान लवकर पिवळे पडते. सेंद्रिय गहू शेजारच्या शेतापेक्षा आधी पिकल्यासारखा दिसतो, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि त्याला लवकर तयार झालेले पीक समजून समाधान मानू नये.

तापमान हा काळ आणखी आखडता घेते. दाणे भरण्यास साधारण 700 अंश-दिवस लागतात असे धरले, तर सरासरी 15 अंशांना सुमारे 47 दिवस मिळतात आणि 20 अंशांना 35 दिवस. गरम हवेत दाणा रोज थोडा जास्त वेगाने भरतो, परंतु गेलेल्या दिवसांची पूर्ण भरपाई होत नाही. फुलोऱ्याच्या वेळी तापमान 30 अंशांच्या बरेच वर गेले तर दाणे धरण्यावरही परिणाम होतो. काडीत साठलेली विद्राव्य शर्करा अशा ताणात मदतीला येते; नेहमीच्या वर्षी तिचा वाटा दाण्याच्या वजनात लहान असतो आणि दुष्काळी वर्षी बराच मोठा होऊ शकतो. पण ती साठायलासुद्धा फुलोऱ्याआधी पुरेसे पान असावे लागते.

रोगांबद्दल मोजकेच लिहितो, कारण तुम्ही तो प्रश्न विचारलेला नाही, तरी तुमच्या पहिल्या वर्षात त्यांचा हात असण्याची शक्यता मी नाकारत नाही. सेप्टोरिया हा पानांवरील डागांचा रोग पावसाच्या थेंबांबरोबर खालच्या पानांवरून वरच्या पानांवर उडत जातो, म्हणून वरची पाने बाहेर येत असताना सतत पाऊस असेल तर तो ध्वजपानापर्यंत पोहोचतो. पिवळ्या तांबेऱ्याला थंड, दमट हवा मानवते आणि तपकिरी तांबेऱ्याला उबदार. भुरी दाट आणि नत्राने रसरशीत पिकात जास्त वाढते, त्यामुळे ती सेंद्रिय शेतात तुलनेने कमी त्रास देते. सौम्य शरदात मावा जास्त काळ टिकतो आणि खुजेपणाचा विषाणू पसरवतो. आपल्याकडे फवारणीचा आधार नसल्यामुळे वाणाची प्रतिकारशक्ती ही पर्णक्षेत्राची एकमेव विमा-व्यवस्था आहे. वाण निवडताना मी उताऱ्याच्या रकान्याआधी रोगांचा रकाना पाहतो.

इथवरचा धागा असा: हिवाळ्यातील पान हे नत्र पकडून ठेवते, कांडी धरल्यानंतरचे पान दाण्यांची संख्या ठरवते, आणि फुलोऱ्यानंतरचे पान किती दिवस टिकते त्यावर दाण्याचे वजन ठरते. हवामान या तिन्ही टप्प्यांवर वेगवेगळ्या प्रकारे येते, आणि मधल्या टप्प्यात ते जमिनीतून येते.

तुमच्या शेतात नेमके कोणत्या टप्प्यावर नुकसान झाले हे शोधायचे असेल, तर दोन्ही वर्षांचा थोडा गहू तुमच्याकडे असेलच. प्रत्येकातले हजार दाणे मोजून वजन करा. उदाहरणासाठी समजा की पहिल्या वर्षीचे वजन 36 ग्रॅम आणि दुसऱ्या वर्षीचे 42 ग्रॅम भरले. हेक्टरी 3 टन म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम, त्याला 36 ने भागले की चौरस मीटरला सुमारे 8,300 दाणे येतात. साडेचार टनांचे 450 ग्रॅम, 42 ने भागून सुमारे 10,700 दाणे. या उदाहरणात वजनही घटले आहे, पण संख्येतील घट अधिक आहे, म्हणून मुख्य नुकसान फुलोऱ्याआधी झाले असा अर्थ निघतो. तुमच्या वजनात याउलट दिसले, म्हणजे दाण्यांची संख्या सारखी आणि वजन फार कमी, तर मी वर मांडलेले नत्राचे स्पष्टीकरण मागे ठेवून उष्णता, पाण्याचा ताण किंवा पानांवरील रोग यांच्याकडे पाहावे लागेल.

याला प्रथिनांच्या तपासणीची जोड द्या. उतारा कमी आणि प्रथिनेही कमी असतील तर पिकाला नत्र कमी पडले, हे जवळपास निश्चित होते. उतारा कमी पण प्रथिने जास्त असतील तर नत्र होते, मात्र ऊन, पाणी, उष्णता किंवा रोग यांपैकी कशाने तरी पीठ भरू दिले नाही. हे दोन आकडे मला शेतकऱ्यांच्या आठवणींपेक्षा, आणि माझ्या स्वतःच्या आठवणींपेक्षाही, अधिक विश्वासार्ह वाटत आले आहेत.

उपायांच्या बाबतीत माझा अनुभव असा की, वसंतात सुधारण्यासारखे थोडे असते आणि बरेचसे आदल्या वर्षीच ठरते. बेवड हा सर्वांत मोठा उपाय आहे. क्लोव्हर किंवा इतर द्विदल असलेले कुरण मोडून त्यावर घेतलेला गहू आणि तृणधान्यावर पुन्हा घेतलेला गहू यांच्या पानांतला फरक कोणत्याही खताने मी भरून काढू शकलेलो नाही. मात्र असे कुरण फार लवकर मोडले तर नत्र शरदातच मोकळे होऊन हिवाळ्याच्या पावसात जाते, म्हणून ओल्या हिवाळ्याच्या प्रदेशात मोडणी आणि पेरणी यांतले अंतर शक्य तितके कमी ठेवावे.

खतांमध्ये नत्र कोणत्या रूपात आहे हे पाहावे. एके वर्षी मी पीक फिकट दिसते म्हणून कांडी धरण्याच्या वेळी मुरलेले कंपोस्ट पसरले होते. गव्हाच्या रंगात काहीच फरक पडला नाही, आणि त्यानंतर शरदात पेरलेले आच्छादन पीक मात्र गर्द हिरवे आले. खत वाया गेले नव्हते, ते चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या रूपात दिले गेले होते. मुरलेल्या शेणखतातील नत्राचा साधारण दहावा हिस्साच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. स्लरीत, म्हणजे शेण-मूत्राच्या पातळ खतात, अमोनियाच्या रूपातले तयार नत्र बरेच जास्त असते, म्हणून तुमच्या प्रमाणनाच्या नियमांत बसत असेल तर कांडी धरण्याच्या थोडे आधी, थंड आणि शांत हवेच्या दिवशी, जमीन यंत्राचे वजन पेलू शकत असताना तीच द्यावी. मुरलेले खत जमिनीच्या दीर्घकाळच्या ताकदीसाठी ठेवावे आणि त्याच्याकडून त्याच वसंतात पानांची अपेक्षा करू नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की दाट पीक कमी उतरले म्हणून यंदा बियाणे कमी करावे का. मी ते करणार नाही. सेंद्रिय शेतात पेरणी विरळ केली की सुरुवातीच्या आठवड्यांत जमीन उघडी राहते आणि ती जागा तण घेते, शिवाय कोळपणीत काही रोपे मरतात त्याची तरतूद राहत नाही. पहिल्या वर्षीची दाटी बियाण्याची नव्हती, सौम्य हिवाळ्याने वाढवलेल्या फुटव्यांची होती. त्यावर खरा उपाय पेरणीच्या तारखेत आहे. तुमच्याकडे हिवाळे वारंवार सौम्य जात असतील तर पेरणी एक ते दीड आठवडा पुढे न्या, त्याने माव्याचा आणि शरदातल्या तणांचाही त्रास कमी होईल. पण जमीन भारी असेल आणि उशीर केल्यास वाफसा मिळण्याची खात्री नसेल, तर तारीख बदलू नका; चिखलात घाईने केलेल्या पेरणीचे नुकसान जास्तीच्या फुटव्यांपेक्षा मोठे असते. यंदा पीक कांडी धरेल तेव्हा शेतात चार-पाच ठिकाणी चौरस मीटरमधले फुटवे मोजा, ध्वजपान उघडल्यावर त्याच ठिकाणी वरच्या तीन पानांची लांबी-रुंदी घ्या, आणि ध्वजपान अर्धे पिवळे पडल्याची तारीख लिहून ठेवा. हे तीन आकडे आणि हजार दाण्यांचे वजन तुम्ही कळवलेत, तर पुढच्या वर्षी मला तुमच्या शेताविषयी अंदाजाने नव्हे, खात्रीने काही सांगता येईल.